काँगोला जायचे आहे? थोडे ऐकून जा!

गेल्या दोन-तीन वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न मराठी साहित्याचा नाही आणि व्याकरणाचाही नाही. “मॅडम, मुलाला काँगोला पाठवावे का हो?” हा तो प्रश्न. गेवराईसारख्या तालुक्याच्या गावी मराठी शिकविणाऱ्या बाईला हा प्रश्न का विचारावा, असे वाचकांना वाटेल. कारण साधे आहे. आमचा धाकटा भाऊ काँगोच्या राजधानीत, किन्शासा शहरात, एका गुजराती व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेबनीस आहे. सन २०२३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि माझी आई त्याच्याकडे पाच आठवडे राहून आलो. तेव्हापासून गावात आमची ख्याती ‘काँगोवाल्या’ अशी झाली आहे.

कापसाचा भाव आणि उसाची तोड यांवर ज्यांचे घर चालते, त्यांच्या पदवीधर मुलाला परदेशातून डॉलरमध्ये पगाराचे बोलावणे येते, तेव्हा घरात आनंद आणि धास्ती एकदमच शिरतात. धास्ती खोटी नाही, पण नुसत्या धास्तीने कोणाचे रक्षणही होत नाही. म्हणून जे स्वतः पाहिले, जे भावाकडून कळले आणि जे विचारपूस करून पक्के करून घेतले, ते चार घरांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे एकत्र सांगते.

काँगो एक नव्हे, दोन

पहिली गोष्ट ही, की काँगो नावाचे देश दोन आहेत आणि ते शेजारी-शेजारी आहेत. एकाची राजधानी ब्राझाव्हिल, दुसऱ्याची किन्शासा. दोन्ही राजधान्या काँगो नदीच्या दोन काठांवर समोरासमोर उभ्या आहेत. मी सांगते आहे ती हकीकत किन्शासाच्या काँगोची, म्हणजे काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची. तिकीट काढताना, व्हिसा मागताना आणि पैसे पाठविताना कोणता काँगो ते नीट पाहावे. एक अक्षर चुकले तर माणूस नदीच्या पलीकडे उतरायचा.

देश केवढा? सुमारे साडेतेवीस लाख चौरस किलोमीटर. आपल्या महाराष्ट्रासारखी सात राज्ये त्यात मावतील आणि तरी जागा उरेल. राजभाषा फ्रेंच. त्याशिवाय लिंगाला, स्वाहिली, किकाँगो आणि चिलुबा या चार राष्ट्रीय भाषा. किन्शासात बाजारापासून गाण्यापर्यंत सगळीकडे लिंगाला चालते. इंग्रजी येते म्हणून निर्धास्त असणाऱ्याची विमानतळावरच फजिती होते.

जाण्याची सोयीची वाट मुंबईहून इथिओपियातील अदिस अबाबामार्गे. तेथे विमान बदलताना मला राहून-राहून मलिक अंबरची आठवण येत होती. त्याच इथिओपियाच्या भूमीत जन्मलेला हा माणूस गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनेत आला, निजामशाहीचा कर्ता वजीर झाला आणि १६१० मध्ये त्याने खडकी वसविली. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याच्या नहरींचे पाणी त्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या प्यायले. चारशे वर्षांपूर्वी आफ्रिकेचा माणूस आमच्या मराठवाड्यात नशीब काढायला आला होता. आज आमची मुले उलट्या दिशेने निघाली आहेत, एवढेच.

तेथे स्वस्थता का नाही?

हे थोडक्यात तरी ठाऊक असावे. रोग कळल्याशिवाय पथ्य कळत नाही.

सन १८८५ ते १९०८ पर्यंत हा सारा मुलूख बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होता. रबरासाठी त्याने तेथील प्रजेचे जे हाल केले, त्याला तोड नाही. पुढे बेल्जियम सरकारचा अंमल आला आणि ३० जून १९६० रोजी देश स्वतंत्र झाला. पहिले पंतप्रधान पात्रिस लुमुंबा यांचा १७ जानेवारी १९६१ रोजी खून झाला. त्यानंतर १९६५ मध्ये सेनापती मोबुटू याने सत्ता घेतली, ती १९९७ पर्यंत सोडली नाही. मोबुटू गेला, लॉराँ काबिला आले, २००१ मध्ये त्यांचीही हत्या झाली. मुलगा जोझेफ काबिला २०१९ च्या जानेवारीपर्यंत राष्ट्राध्यक्ष होता. त्यानंतर फेलिक्स चिसेकेडी आले.

हे झाले गादीचे. खरे भांडण जमिनीखालच्या धनाचे आहे. तांबे, सोने, हिरे, कोल्टन. आणि जगातील कोबाल्टचा निम्म्याहून कितीतरी अधिक भाग एकट्या या देशातून निघतो. आपल्या हातातील मोबाइलच्या बॅटरीत काँगोची माती असण्याचा संभव पुष्कळ आहे. घरात सोन्याचा हंडा पुरलेला आणि दाराला कडी नाही, अशी त्या देशाची अवस्था झाली आहे.

आपला आणि काँगोचा संबंध जुना आहे. १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने तेथे शांतिसेना पाठविली, तेव्हा संघाचे प्रतिनिधी म्हणून राजेश्वर दयाळ तेथे होते. ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिल येथे, म्हणजे आजच्या लुबुम्बाशीत, गुरखा रायफल्सचे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. पुढे १९९९ मध्ये राष्ट्रसंघाची नवी शांतिसेना आली, तिच्यातही भारतीय जवान मोठ्या संख्येने गेले. २६ जुलै २०२२ रोजी बुटेम्बो येथे जमावाच्या हल्ल्यात सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मृत्युमुखी पडले. तेव्हा काँगो आपल्याला परका आहे, असे म्हणण्याची सोय नाही.

कोठे जावे, कोठे जाऊ नये

“काँगोत लढाई चालू आहे” हे वाक्य “हिंदुस्थानात पाऊस पडतो आहे” या वाक्याइतकेच खरे आणि तितकेच अपुरे आहे. किन्शासा देशाच्या पश्चिम टोकाला. लढाईचा मुख्य मुलूख पूर्व टोकाला: उत्तर किवू, दक्षिण किवू आणि इतुरी हे प्रांत. किन्शासाहून गोमा शहर हवाई रेषेनेच सुमारे दीड हजार किलोमीटर दूर आहे. गेवराईहून दिल्लीही त्याहून जवळ.

या पूर्वेकडच्या प्रांतांत हौसेने जाऊ नये, नोकरीसाठीही जाऊ नये, असे मी स्पष्ट सांगते. २०२५ च्या जानेवारीअखेर ‘एम-२३’ नावाच्या बंडखोरांनी गोमा घेतले, फेब्रुवारीत बुकावू घेतले. गोम्याचा विमानतळ बंद पडला. वीज, पाणी आणि फोन तुटले. २७ जून २०२५ रोजी काँगो व रवांडा यांच्यात वॉशिंग्टनला करार झाला, परंतु कागदावरच्या शाईने बंदुका लगेच थंड झाल्या नाहीत.

आणि पश्चिमेकडे सारे आलबेल आहे, असेही समजू नये. किन्शासापासून फार दूर नसलेल्या क्वामूथ भागात २०२२ पासून टेके आणि याका या दोन जमातींत जमिनीवरून रक्तपात झाला. म्हणून नोकरीचे बोलावणे आले की शहराचे नाव विचारा, आणि त्यानंतर पुन्हा विचारा की कामासाठी शहराबाहेर कोठे कोठे पाठविणार. “नेमणूक किन्शासात, पण वसुलीला आत जावे लागेल” या वाक्यातील ‘आत’ म्हणजे कोठे, ते नकाशावर बोट ठेवून दाखवून घ्यावे.

निघण्यापूर्वी

*व्हिसा.* काँगोची वकिलात नवी दिल्लीत आहे. तेथील यजमानाचे अगर मालकाचे जबाबदारीपत्र लागते. त्याला फ्रेंचमध्ये ‘प्रीझ आँ शार्ज’ म्हणतात. नियम बदलत असतात, तेव्हा दलालाच्या तोंडच्या माहितीवर न जाता वकिलातीलाच विचारावे. विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळेल, असे कोणी सांगितले तर हसून सोडून द्यावे.

*पीतज्वराची लस.* ही सर्वांत महत्त्वाची. तिचे पिवळे कार्ड नसेल तर तेथे उतरू देत नाहीत. आणि त्याहून मौजेची गोष्ट ही, की परत येताना आपले सरकारही ते मागते. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. ती सरकारमान्य केंद्रांतच मिळते. मुंबई आणि पुण्याला अशी केंद्रे आहेत. आगाऊ नोंद करून जावे, म्हणजे हेलपाटा पडत नाही. २०१६ पासून एकदा घेतलेली लस जन्मभर ग्राह्य धरतात. साठीच्या पुढची माणसे, गरोदर स्त्रिया, तान्ही मुले आणि ज्यांना अंडे सोसत नाही अशांनी डॉक्टरांशी आधी बोलल्यावाचून ती घेऊ नये. माझ्या आईचे वय तेव्हा चौसष्ट. डॉक्टरांनी तिची पूर्ण तपासणी केली, जुनी दुखणी विचारली आणि मगच होकार दिला.

*हिवताप.* काँगोत तो बारमाही आहे आणि त्यातला जीवघेणा प्रकार जास्त. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने निघण्यापूर्वीच सुरू कराव्यात आणि परत आल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्यात. कित्येक तरुण पंधरा दिवसांत कंटाळून गोळ्या सोडतात. मच्छरदाणी येथूनच न्यावी. आमच्या आईने दोन नेल्या होत्या, दोन्ही भावाने ठेवून घेतल्या.

*ऋतू.* किन्शासा विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपला पावसाळा तो त्यांचा कोरडा हंगाम. जून ते सप्टेंबर हवा ढगाळ पण पाऊस नाही. प्रवासाला हेच दिवस बरे. पावसाळ्यात रस्त्यांची दैना होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुराने विमानतळाकडचा रस्ताच तोडला होता.

*पैसे.* तेथे काँगोचा फ्रँक चालतो आणि अमेरिकन डॉलरही उघडपणे चालतो. मात्र डॉलरची नोट कोरीकरकरीत पाहिजे. जरा फाटलेली, डाग पडलेली किंवा जुन्या सालची असली की दुकानदार ती बोटाच्या टोकाने परत सरकवतो. एकाच्या नोटेला तर कोणी विचारीत नाही. मोठे व्यवहार डॉलरमध्ये आणि भाजीपाला फ्रँकमध्ये. हे पाहून आईला तिच्या आईने सांगितलेला काळ आठवला. निजामाच्या राज्यात आमच्याकडे ‘हाली’ रुपया चाले आणि हद्दीपलीकडे नगर जिल्ह्यात ‘कलदार’. बाजाराला जाणारा माणूस दोन्ही गाठीला बांधून निघे. “म्हणजे हे हाली आणि हे कलदार,” असे म्हणून आईने दोन पाकिटे वेगळी केली, आणि पाच आठवड्यांत तिचा हिशेब एकदाही चुकला नाही.

*विमा.* प्रवासाचा विमा घेताना बारीक अक्षरातला मजकूर वाचावा. युद्ध अगर दंगल यांतून झालेली इजा पुष्कळ विम्यांत वगळलेली असते. गंभीर दुखण्यात रोग्याला विमानाने दुसऱ्या देशात हलवावे लागते. तो खर्च विम्यात आहे की नाही, हे विचारल्याशिवाय सही करू नये.

उतरल्यावर

विमानतळावर आपले माणूस घ्यायला आलेच पाहिजे. हा नियम आहे असे समजा. अनोळखी मोटारीत बसू नये. पोलीस असल्याचे भासवून प्रवाशाला गाडीत घालून लुबाडणारे तेथे आहेत. पासपोर्ट घरी कुलपात आणि त्याची प्रमाणित नक्कल खिशात, ही तेथल्या भारतीयांची रीत. कोणी शिपाई कागद मागेल, नक्कल हसतमुखाने दाखवावी. आवाज चढवू नये, हातघाईवर येऊ नये, आणि घाईत असल्याचे तर मुळीच दाखवू नये. घाई दिसली की तिची किंमत वाढते.

फोटोची हौस आवरावी. सरकारी इमारती, सैनिक, विमानतळ आणि पूल यांचे फोटो काढणे म्हणजे संकटाला बोलावणे. नदीकाठचेही तसेच, कारण नदी हीच देशाची सरहद्द आहे. एवढी अफाट नदी डोळ्यांसमोर, आणि फोन पर्समध्ये! पण डोळे भरून पाहिलेल्याला कोणी हरकत घेत नाही.

रात्री पायी हिंडू नये. ‘कुलुना’ नावाच्या तरुण गुंडांच्या टोळ्या किन्शासात आहेत. मोटारीची दारे आतून लावलेली असावीत, काच वर असावी आणि फोन मांडीवर नसावा.

आता हे सारे वाचून, तेथे माणसेच राहत नाहीत की काय, असे कोणाला वाटेल. तसे नाही हो! माणसे फार अगत्याची. तेथे नमस्कार केल्याशिवाय बोलणे सुरू करणे हा उद्धटपणा मानतात. दुकानात शिरल्याबरोबर “हे कितीला?” असे विचारू नये. आधी “म्बोते”, म्हणजे नमस्कार. मग “सांगो नीनी?”, म्हणजे काय खबरबात. त्याने “मलामू”, म्हणजे छान, असे म्हटले की मग भाव विचारावा. या तीन शब्दांनी माझी जेवढी कामे झाली, तेवढी इंग्रजीने झाली नाहीत.

पोशाखाचा षोक भारी. घरात चूल पेटो न पेटो, रविवारी चर्चला जाताना इस्त्री मोडलेली दिसायची नाही. बायका भडक रंगांच्या छापील कापडाचे सुंदर पोशाख घालतात. त्या कापडाला ‘लिपूता’ म्हणतात. भावाकडे कामाला येणाऱ्या बाईंनी आईच्या पैठणीचा पदर हातात घेऊन पुष्कळ वेळ निरखला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण मोर दोघींनाही ओळखता आला.

खाण्याचे म्हणाल तर कसाव्याच्या पिठाचा ‘फुफू’ आणि त्याच्या पानांची ‘पोंदू’ नावाची भाजी हे तेथील रोजचे जेवण. पोंदू दिसते शाकाहारी, पण तीत वाळलेली मासळी असण्याचा संभव असतो. शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावे. भारतीय दुकानांत डाळी, तांदूळ, मसाले मिळतात, पण किंमत ऐकून आईने मेतकूट जपून वापरायला घेतले. पाणी उकळलेले अगर सीलबंद बाटलीचेच प्यावे.

आणि एक मौजेचा शब्द लक्षात ठेवा: ‘आर्टिकल पंधरा’. घटनेतले खरे कलम नव्हे. लोकांनी गमतीने काढलेले. अर्थ असा, की ‘तुझे तू बघ, मार्ग काढ!’ वीज गेली, आर्टिकल पंधरा. पगार थकला, आर्टिकल पंधरा. साठ वर्षांहून अधिक काळ ज्यांना कोणत्याच सरकारने नीट सांभाळले नाही, त्या लोकांनी हसत-हसत केलेला हा कायदा आहे.

गडबडीच्या दिवशी

आमच्या मुक्कामात २० मे २०२३ हा दिवस आला. महागाई आणि मतदारनोंदणीतील गोंधळ यांविरुद्ध विरोधी पक्षांनी किन्शासात मोर्चा काढला होता. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लाठ्या चालविल्या. आम्ही हे सारे बातमीत वाचले. पाहिले नाही, कारण आम्ही घराबाहेर पाऊलच टाकले नाही. भावाने दोन दिवस आधीच पीठ, पाणी, गॅस आणि जनरेटरचे तेल भरून ठेवले होते. पेढीचे शटर आदल्या संध्याकाळीच खाली आले. फाटकाला कुलूप लागले. दुपारी लांबून गलका ऐकू आला, तेव्हा आईने एकदाच मान वर केली आणि पुन्हा पोळ्या लाटू लागली.

संध्याकाळी मी भावाला विचारले, “तुला भीती वाटत नाही?” तो म्हणाला, “ताई, भीती मोर्चाच्या दिवशी वाटत नाही. मोर्चाची तारीख आधी कळते. भीती वाटते ती न कळवता येणाऱ्या दिवसाची.”

त्याचे म्हणणे किती खरे, ते मागचे-पुढचे दिवस पाहिले म्हणजे कळते. २०१६ च्या मे महिन्यात दिल्लीत एका काँगोली तरुणाला मारहाण करून ठार केले गेले. त्याचे पडसाद म्हणून किन्शासात भारतीयांच्या दुकानांवर हल्ले झाले, काही भारतीय जखमी झाले. १९ मे २०२४ रोजी पहाटे सशस्त्र लोक राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात घुसले. तो उठाव त्याच दिवशी मोडला. २८ जानेवारी २०२५ रोजी गोमा पडल्याच्या संतापात किन्शासातील जमावाने परदेशी वकिलातींवर चाल केली. यांपैकी कोणत्याही दिवसाची तारीख कोणी भिंतीवर चिकटवून ठेवली नव्हती.

२०१६ ची ती गोष्ट मला विशेष बोचते. दिल्लीतल्या एका रस्त्यावर आपल्या माणसांनी जे केले, त्याचा दगड किन्शासातल्या आपल्याच माणसांच्या दुकानावर पडला. आमच्या पुण्यात आफ्रिकेतील विद्यार्थी शिकायला येतात. त्यांना घर भाड्याने देताना नाक मुरडणाऱ्या, बसमध्ये त्यांच्याकडे टक लावून हसणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे. परदेशी गेलेल्या आपल्या मुलाची सुरक्षितता काही अंशी आपल्याच गल्लीत ठरत असते.

तेव्हा तयारी काय असावी? २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्या किन्शासातील वकिलातीने बुकावूच्या भारतीयांना जे सांगितले, तेच सर्वांनी कायम पाळावे: ओळखीचे व प्रवासाचे कागद, औषधे, कपडे, तयार खाणे आणि पाणी एका पिशवीत भरून दाराशी ठेवावे, आणि विमानतळ व सरहद्दी उघड्या आहेत तोवर सुरक्षित जागी जावे.

माझ्या आजीने, आईच्या आईने, हाच धडा वेगळ्या शब्दांत दिला होता. १९४८ मध्ये निजाम भारतात यायला तयार नव्हता, रझाकारांचा धुमाकूळ चालला होता, आणि गेवराई तालुक्यातली कितीतरी घरे रातोरात नगर जिल्ह्याच्या हद्दीत गेली. आजी तेव्हा नवी नवरी होती. ती सांगे, “दागिने एका गाठोड्यात ठेवायचे नाहीत. जायची वाट दोन माणसांना ठाऊक पाहिजे. आणि रस्ता मोकळा आहे तोवर निघावं. लोक पळायला लागले की रस्ता राहत नाही.” सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि ती मंडळी घरी परतली. काँगोच्या प्रवाशाला देण्यासारखा याहून नेमका सल्ला मला कोणत्याही पुस्तकात मिळालेला नाही.

आजीची ‘दुसरी वाट’ किन्शासात नदीपलीकडे आहे. नावेने ब्राझाव्हिलला थोड्या वेळात जाता येते, पण त्यासाठी त्या देशाचा वेगळा व्हिसा लागतो. तेथे दीर्घकाळ राहणाऱ्याने तो आधीच काढून ठेवावा. गडबड सुरू झाल्यावर रांगेत उभे राहून उपयोग नाही.

आणखी एक. २०१८ च्या डिसेंबरात निवडणुकीनंतर सरकारने सुमारे तीन आठवडे इंटरनेट बंद ठेवले होते. येथे घरची माणसे फोन लागत नाही म्हणून अर्धमेली होतात. आमच्या घरी त्यासाठी करार झालेला आहे. फोन बंद पडला तर भाऊ पेढीच्या मालकाकडे निरोप ठेवतो, मालक मुंबईच्या त्याच्या नातेवाइकांना कळवितो, तेथून आम्हाला कळते. तीन दिवस काहीच आले नाही तरच परराष्ट्र मंत्रालयाचे दार वाजवायचे. वकिलातीत नाव नोंदविणे तर पहिल्याच आठवड्यात व्हावे. काँगोत सुमारे पंचवीस हजार भारतीय असल्याचे आपल्या सरकारने २०२५ मध्ये सांगितले होते. त्यांत आपला मुलगा कोण आणि कोठे, हे वकिलातीला ठाऊक नसेल तर ती शोधणार कोणाला?

मुलाला पाठविणाऱ्यांसाठी

गेल्या वर्षी माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील दाराशी आले. मुलगा बी.कॉम. एका दलालाने काँगोत नोकरी देतो म्हणून अडीच लाख मागितले होते. दोन एकर गहाण टाकायची तयारी झाली होती. “तुम्ही फक्त हो म्हणा,” असे ते मला म्हणाले.

मी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. एका कागदावर सहा प्रश्न लिहून दिले. नोकरी कोणत्या शहरात? मालकाचे नाव काय आणि त्याच्याकडे काम केलेला एखादा माणूस बोलायला मिळेल काय? करार लेखी आहे काय, आणि त्यात पगार, राहणे, औषधपाणी व परतीचे तिकीट आहे काय? पासपोर्ट कोणाजवळ राहणार? दलालाची सरकारदरबारी नोंदणी आहे काय? आणि गडबड झाली तर परत आणण्याचा खर्च कोणाचा?

यांतला दलालाचा प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे. परदेशी नोकरीला माणसे पाठविणाऱ्याने १९८३ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी केलेली असली पाहिजे. सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ यादीत ती पाहता येते. कमी शिकलेल्या कामगारांना आखाती देशांसह अठरा देशांत जाताना सरकारी तपासणीतून जावे लागते. काँगो त्या अठरांत नाही. म्हणजे सरकारची ती चाळणी येथे लागत नाही; चाळणी घरच्यांनीच धरायची आहे.

आठ दिवसांनी ते गृहस्थ परत आले. सहापैकी दोनच प्रश्नांना दलालाने उत्तर दिले होते आणि पासपोर्टाच्या प्रश्नावर तो चिडला होता. दोन एकर वाचले. त्या मुलाने मग वर्षभर बीडला एका दुकानात हिशेब लिहिले, फ्रेंचचे धडे घेतले, आणि ओळखीतून थेट मालकाशी पत्रव्यवहार करून लेखी करारावर तो किन्शासाला गेला. पासपोर्ट त्याच्या स्वतःच्या पेटीत आहे, परतीचे तिकीट करारात आहे. निघताना त्याची आई रडली. ते काही कोणत्या प्रश्नपत्रिकेने थांबत नाही.

परत आल्यावर

घरी आलो म्हणजे प्रवास संपला, असे समजू नये. परतल्यावर काही महिन्यांपर्यंत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगावे, “मी काँगोहून आलो आहे.” नाहीतर बिचारे डॉक्टर डेंग्यू शोधीत बसतात आणि हिवताप आपले काम करून मोकळा होतो. इबोलाचा रोग १९७६ मध्ये प्रथम याच देशात ओळखला गेला आणि अधूनमधून तो डोके वर काढतो. २०२५ च्या सप्टेंबरातही कासाई प्रांतात त्याची साथ आली होती. म्हणून जाण्यापूर्वी आणि येण्यापूर्वी साथींची खबर घ्यावी.

आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढी सगळी यादी ऐकल्यावर जायचे कशाला? तर जे पोटासाठी जातात त्यांना हा प्रश्न विचारण्याची चैन परवडत नाही. आमच्या तालुक्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाड पाठीवर घेऊन हजारो माणसे ऊस तोडायला निघतात. त्यांच्याही वाटेत धोके आहेतच. माणूस घरी बसून राहिला तरच सुखरूप राहतो, असे आमच्या गावाने कधी मानलेले नाही. गावाची एवढीच अपेक्षा असते, की जाणाऱ्याने डोळे उघडे ठेवून जावे आणि मागच्यांना कळवीत राहावे.

यंदा भाऊबीजेला भाऊ येणार नाही. हंगामाचे दिवस असल्याने मालकाने रजा दिलेली नाही. आईने चकल्यांचा डबा किन्शासाला निघालेल्या एका ओळखीच्या गृहस्थांबरोबर दिला आहे. डब्याबरोबर नवी मच्छरदाणी आहे, हिवतापाच्या गोळ्या आहेत, आणि आईच्या हातची एक चिठ्ठी आहे: “नदीपलीकडच्या व्हिशाची मुदत मार्चमध्ये संपते. आधी ते काम कर, मग चकल्या खा.”